खारपाण पट्ट्यातले आरओ : मेंब्रेन टिकते कशाने, जाते कशाने

पूर्णा नदी सातपुड्याच्या गाविलगड रांगांतून उतरते, अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहत जाते आणि पुढे तापीला मिळते. तिच्या दोन्ही काठांवर शेकडो फूट खोल गाळ साचला आहे. वरची जमीन काळी, कपाशी-तुरीची. खालचे पाणी मात्र खारे. दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांतल्या कितीतरी गावांत बोअरला पाणी लागते, पण त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि घोट घशाखाली उतरत नाही. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने पूर्णा खोऱ्यातली ९३२ गावे खारपाण पट्ट्यातली म्हणून वेगळी धरली आहेत. या गावांत किडनीचे रुग्ण जास्त असल्याची ओरड वर्षानुवर्षांची आहे.

या प्रश्नाला वऱ्हाडाने आजवर दोन उत्तरे दिली. पहिले उत्तर डोंगरातले गोडे पाणी नळाने खाली आणण्याचे. वान धरणावरची ८४ खेडी योजना अकोट-तेल्हाऱ्याकडच्या गावांना पाणी देते. काटेपूर्णेच्या पाण्यावर खांबोरा योजना उभी आहे. शहानूर धरणाचे पाणी अंजनगाव-दर्यापूरकडे जाते. दुसरे उत्तर गावातलेच खारे पाणी गोडे करण्याचे, म्हणजे आरओ प्लांटचे. नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येऊ लागले, जलवाहिनी फुटली किंवा धरणाच्या पाण्यावर सिंचन आणि पिण्याचे पाणी अशी ओढाताण झाली, की गाव दुसऱ्या उत्तराकडे वळते. ग्रामपंचायतीच्या आवारातला प्लांट, पाण्याचे एटीएम आणि सायकलला अडकवलेली वीस लिटरची कॅन हे आता खारपाण पट्ट्यातले रोजचे दृश्य आहे.

प्लांट बसतो, फीत कापली जाते, पाणी गोड लागते. मग वर्ष-दोन वर्षांत धार बारीक होते, चव पुन्हा मचूळ होऊ लागते आणि एक दिवस 'मेंब्रेन गेले' असे सांगून खोलीला कुलूप लागते. मेंब्रेन आपोआप जात नाही. ते कशाने जाते याची कारणे ठाऊक आहेत, ती आधी ओळखता येतात आणि बहुतेक टाळताही येतात. मेंब्रेनचे आयुष्य धुण्याच्या रसायनापेक्षा दोन गोष्टींवर ठरते : त्याच्यापर्यंत कसले पाणी पोचू दिले आणि रोजचे आकडे कोणी लिहिले. हा आढावा त्याच दोन गोष्टींचा आहे.

कोणत्या पाण्याला कोणते मेंब्रेन

मेंब्रेन म्हटले की आपल्याकडे आरओच आठवतो, पण मेंब्रेनची सगळी जातकुळी छिद्रांच्या आकारावर ठरते. मायक्रोफिल्ट्रेशन आणि अल्ट्राफिल्ट्रेशन गढूळपणा आणि जंतू अडवतात. अल्ट्राफिल्ट्रेशनची छिद्रे साधारण ०.०१ ते ०.१ मायक्रॉनची, बहुतेक जिवाणू त्याहून कितीतरी मोठे. क्षार मात्र त्यांतून सरळ पार होतात. नॅनोफिल्ट्रेशन पाण्याचा जडपणा आणि सेंद्रिय द्रव्ये बऱ्याच अंशी काढते, आणि आरओ बहुतेक सगळे विरघळलेले क्षार काढतो.

अल्ट्राफिल्ट्रेशनला पिण्याच्या पाण्यात महत्त्व आले त्याला एक मोठी साथ कारण ठरली. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी नळाच्या पाण्यातून पसरला आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले. क्लोरीनला तो जुमानत नाही आणि वाळूच्या गाळणीतून निसटू शकतो. मेंब्रेनमधून निसटत नाही. पॅरिसजवळच्या मेरी-सुर-वाझ इथे १९९९ पासून नदीचे पाणी नॅनोफिल्ट्रेशनने शुद्ध केले जाते.

वऱ्हाडापुरता याचा अर्थ सरळ आहे. धरणाच्या पाण्यात क्षार कमी असतात. सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणातून अमरावतीला आणि महानच्या काटेपूर्णा धरणातून अकोल्याला येणाऱ्या पाण्याला तुरटी, निवळण, वाळूची गाळणी आणि क्लोरीन पुरते. पुढेमागे मेंब्रेन लावायचेच झाले तर अल्ट्राफिल्ट्रेशन. अशा पाण्यावर घरोघरी आरओ बसवणे म्हणजे चांगल्या पाण्याचा मोठा हिस्सा गटारात सोडणे. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, ५०० पेक्षा कमी असलेल्या ठिकाणी आरओ यंत्रांवर बंदी आणावी, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली दिले ते याच कारणाने. आरओची खरी जागा खारपाण पट्ट्यातल्या बोअरवर आहे. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावा. त्याच्याही वरचे पाणी ज्या गावाच्या वाट्याला आले, त्या गावाला आरओ ही चैन राहत नाही.

पाऊण मिलिमीटरची वाट

आरओच्या इतिहासात एक भारतीय नाव ठळक आहे. १९५९-६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटचे असे मेंब्रेन बनवले, की ज्यातून व्यवहारात उपयोगी पडेल इतक्या वेगाने गोडे पाणी बाहेर पडू लागले. १९६५ साली कोलिंगा या खारे भूजल असलेल्या लहान गावात त्यावरचा प्लांट चालू झाला. म्हणजे आरओचा पहिला सार्वजनिक उपयोग समुद्राच्या पाण्यावर झाला नाही; तो आपल्या खारपाण पट्ट्यासारख्याच एका गावात झाला. पुढे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस जॉन कॅडोट यांनी पॉलिअमाइडचा अतिपातळ थर असलेले मेंब्रेन तयार केले. आज गावोगावी जे वापरले जाते ते हेच. भारतात भावनगरची केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्था आणि तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र यांनी या विद्येवर अनेक दशके काम केले आहे.

गावच्या प्लांटमधली नळकांडी बहुधा चार इंच व्यासाची आणि चाळीस इंच लांबीची असते. ती उभी चिरून उलगडली, तर आत पत्र्यासारखी गुंडाळलेली पाने निघतात आणि एका नळकांडीत जवळपास आठ चौरस मीटर मेंब्रेन भरते. प्रत्येक पान तीन थरांचे असते : खाली पॉलिस्टरचे कापड, त्यावर पॉलिसल्फोनचा सच्छिद्र थर आणि सगळ्यात वर पॉलिअमाइडची कातडी, जिची जाडी मायक्रॉनच्या पाचव्या हिश्श्याइतकी किंवा त्याहूनही कमी. क्षार अडवण्याचे सगळे काम ती कातडी करते. दोन पानांमध्ये प्लॅस्टिकची जाळी असते आणि खारे पाणी त्या जाळीतून, पाऊण मिलिमीटरच्या वाटेने वाहते. ही वाट किती अरुंद आहे ते डोळ्यांसमोर ठेवले की पुढचे सगळे समजते. वाळूचा बारीक कण, गंजाचा कण, शेवाळाचा धागा, चुन्याचा खडा, यांतले काहीही इथे अडकू शकते.

चोक होण्याचे चार मार्ग

पहिला मार्ग गाळाचा. बोअरमधून येणारी बारीक माती, टाकीतला गाळ, लोखंडी पाइपचा गंज हे सगळे पहिल्या मेंब्रेनच्या तोंडाशी साचते. खोल बोअरच्या पाण्यात विरघळलेले लोह असेल तर पाणी वर येऊन हवा लागली की त्याचा तांबूस गंज होतो. म्हणून अशा पाण्याला एक तर प्लांटपर्यंत हवा लागू द्यायची नाही, नाहीतर आधी मुद्दाम हवा देऊन गंज गाळून काढायचा. टाकीत थोडी हवा लागलेले पाणी तसेच मेंब्रेनला देणे सगळ्यात वाईट.

दुसरा मार्ग चिकट थराचा. जिवाणू मेंब्रेनवर घर करतात, आपल्याभोवती बुळबुळीत थर बांधतात आणि त्यात बाकीचा गाळ रुतून बसतो. उघडी टाकी, उन्हात तापलेले पाणी आणि महिनोन्‌महिने न बदललेला कार्बन फिल्टर ही त्यांची आवडती ठिकाणे. हा थरही पहिल्या मेंब्रेनपासून सुरू होतो. उघडलेल्या मेंब्रेनला डबक्यासारखा वास येत असेल आणि बोटाला बुळबुळीत लागत असेल, तर निदान झाले.

तिसरा मार्ग क्षारांच्या खड्यांचा, आणि खारपाण पट्ट्यात हाच सगळ्यात घातकी. आरओ गोडे पाणी वेगळे करतो तेव्हा उरलेल्या पाण्यात क्षार घट्ट होत जातात. त्यामुळे खडे शेवटच्या मेंब्रेनमध्ये, शेवटच्या टोकाला बसतात. नळकांडी तोलून पाहिली तर ती जड लागते; पानावर पांढरी, खरखरीत पूड दिसते. त्यावर सौम्य ॲसिडचा थेंब टाकला आणि फेस आला, तर तो चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. फेस आला नाही तर जिप्सम किंवा सिलिका असण्याची शक्यता, आणि मग प्रकरण अवघड.

चौथा मार्ग चोक होण्याचा नाही, जळण्याचा आहे. पॉलिअमाइडला क्लोरीन चालत नाही. ग्रामपंचायत पाण्याच्या टाकीत क्लोरीन देणारी टीसीएल पावडर टाकते, ते तिचे कर्तव्यच आहे. पण तेच पाणी थेट आरओला गेले तर कातडी हळूहळू कुजते. तेव्हा धार कमी होत नाही, उलट वाढते आणि सोबत टीडीएसही वाढतो. लोकांना वाटते प्लांट सुधारला. अशा मेंब्रेनला कोणतेही धुणे वाचवत नाही. मेंब्रेनच्या तोंडाशी मोकळा क्लोरीन लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या खाली असावा, हा उत्पादकांचा सर्वसाधारण दंडक आहे. त्यासाठी कार्बन फिल्टर जिवंत ठेवावा किंवा सोडियम मेटाबायसल्फाइटची मात्रा द्यावी, आणि गावोगावी असलेल्या, क्लोरीन दाखवणाऱ्या ओटी चाचणीनेच प्लांटच्या आतले पाणीही तपासावे. वितरणाच्या नळाला या चाचणीत पिवळा रंग यायला हवा. मेंब्रेनच्या आधी तो अजिबात येता कामा नये.

रिकव्हरीचा मोह

क्षारांचे खडे बसणे मुख्यतः एका आकड्यावर ठरते : शंभर लिटर खाऱ्या पाण्यातून किती लिटर गोडे काढायचे. पन्नास काढले तर रिजेक्टमध्ये, म्हणजे उरलेल्या पाण्यात, क्षार दुप्पट होतात. पंचाहत्तर काढले तर चौपट. बोअरच्या पाण्यात सिलिका ४० मिलिग्रॅम असेल, तर पन्नास टक्क्यांना रिजेक्टमध्ये ८० होते आणि पंचाहत्तर टक्क्यांना १६०. नेहमीच्या तापमानाला सिलिका १२० ते १५० च्या आसपास पाण्यात मावेनाशी होते. म्हणजे रिजेक्टचा व्हॉल्व्ह दोन आटे जास्त आवळला, की त्याच पाण्यातून, त्याच मेंब्रेनमध्ये काचेसारखा थर बसू लागतो, आणि तो साध्या ॲसिडने निघत नाही. बेसाल्टचा खडक असलेल्या मुलखात सिलिका दुर्लक्षून चालत नाही.

हा व्हॉल्व्ह आवळण्याचा मोह रोजचा आहे. रांग मोठी असते, गोडे पाणी कमी पडते, रिजेक्ट वाहून जाताना पाहून जीव तुटतो. व्हॉल्व्ह आवळताक्षणी गोड्या पाण्याची धार वाढते आणि सगळे खूश होतात. नुकसान चार-सहा महिन्यांनी दिसते. म्हणून व्हॉल्व्ह कुठवर उघडा ठेवायचा हे ऑपरेटरच्या अंदाजावर सोडू नये. पाण्याच्या पूर्ण तपासणीवरून ते एकदा ठरवावे, रंगाने खूण करावी आणि रिजेक्टचा रोटामीटर रोज वाचावा.

दुसरा मोह कमी मेंब्रेनमध्ये जास्त पाणी काढण्याचा. ताशी हजार लिटरच्या प्लांटला चार इंची चार नळकांड्या लावल्या, तर साधारण ३२ चौरस मीटर मेंब्रेन मिळते. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरमधून तासाला ३१ लिटर. बोअरच्या पाण्यासाठी २५ ते ३० हा समजूतदार पल्ला. ३१ म्हणजे काठावर. पाचवी नळकांडी लावली तर आकडा २५ वर येतो, घाण मेंब्रेनवर कमी जोराने दाबली जाते आणि धुण्याची वेळ लांबते. निविदेत ती पाचवी नळकांडी सगळ्यात आधी कापली जाते, कारण तिची किंमत आज दिसते आणि तिने वाचवलेला खर्च नंतर दिसतो.

मेंब्रेनच्या आधीचे पाणी

वाळूचा फिल्टर, कार्बन फिल्टर, पाच मायक्रॉनचा कार्ट्रिज आणि खडे बसू न देणाऱ्या अँटिस्केलंटची मात्रा ही चौकडी सगळ्या प्लांटमध्ये असते. ती काम करते का, हा प्रश्न आहे.

वाळूच्या फिल्टरला बॅकवॉश द्यायचा तो ठरल्या वारी नव्हे, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक वाढला की. बॅकवॉशचे पाणी स्वच्छ येईपर्यंत तो चालवायचा. पाच मिनिटांत कंटाळून बंद करायचा नाही. कार्ट्रिज बदलायची वेळही दाबाच्या फरकानेच कळते. काढलेला कार्ट्रिज ब्रशने घासून पुन्हा बसवण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. त्याने धागे सैल होतात आणि पाच मायक्रॉनचा कार्ट्रिज नावापुरताच पाचचा राहतो. पाण्याची गाळ धरण्याची प्रवृत्ती मोजायला एसडीआय नावाची सोपी चाचणी आहे : ठरावीक दाबाने पाणी बारीक गाळणीतून सोडायचे आणि सुरुवातीला व पंधरा मिनिटांनंतर तेवढेच पाणी गळायला किती वेळ लागतो ते पाहायचे. हा निर्देशांक पाचच्या खाली हवा, तीनच्या खाली असला तर उत्तम.

अँटिस्केलंटची गंमत अशी की ते अगदी थोडे लागते आणि म्हणूनच ते बंद पडलेले कळत नाही. ताशी हजार लिटर गोडे पाणी देणारा, पन्नास टक्के रिकव्हरीचा प्लांट तासाला दोन हजार लिटर खारे पाणी घेतो. लिटरला तीन मिलिग्रॅम धरले तर तासाला सहा ग्रॅम, आठ तासांत जेमतेम पन्नास ग्रॅम. डोसिंग पंपात हवा अडकली तर पंप टकटक करत राहतो आणि नळीतून थेंबही जात नाही. उपाय सोपा आहे : डोसिंगच्या डब्यावर पट्टी चिकटवावी, रोज सकाळी पातळीची खूण करून तारीख टाकावी. खूण खाली सरकली नाही तर त्या दिवशी प्लांट चालवू नये. शिवाय एका गावचे अँटिस्केलंट दुसऱ्या गावी चालेलच असे नाही. पूर्णा खोऱ्यात सोडियम, क्लोराईड, बायकार्बोनेट आणि जडपणा यांचे प्रमाण गावागणिक, कधी बोअरगणिक बदलते. टीडीएस मीटरचा एक आकडा पाहून मात्रा ठरवणे म्हणजे ताप पाहून औषध देणे. कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट, सल्फेट, फ्लोराईड, लोह आणि सिलिका इतकी तपासणी बोअरच्या पाण्याची एकदा व्हायला हवी आणि दर उन्हाळ्यात, पाणी खाली गेल्यावर, पुन्हा व्हायला हवी.

अकोल्याचा उन्हाळा फसवतो

मेंब्रेन धुवायचे केव्हा याचा सर्वमान्य नियम असा : गोड्या पाण्याची धार १० ते १५ टक्क्यांनी घटली, क्षार पार होण्याचे प्रमाण तितकेच वाढले किंवा मेंब्रेनच्या तोंडाचा दाब आणि शेवटचा दाब यांतला फरक १५ टक्क्यांनी वाढला, की धुवा. यापैकी काहीही न होता धुतले तर रसायन वाया आणि कातडीला उगाच त्रास. फार उशिरा धुतले तर थर पक्का बसतो आणि निघत नाही.

पण धार घटली हे कळायचे कसे? पाणी गरम झाले की पातळ होते आणि मेंब्रेनमधून सहज जाते. एका अंश सेल्सिअसला साधारण तीन टक्के. इथे वऱ्हाडाची हवा आडवी येते. समजा, जानेवारीत टाकीतले पाणी २२ अंश असताना प्लांट ताशी ८०० लिटर देत होता. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो, टाकीतले पाणी ३४ अंशांवर येते आणि प्लांट तेव्हाही, त्याच दाबाला, ८०० लिटरच देतो. ऑपरेटर म्हणतो, काही बदल नाही. खरे तर बारा अंशांच्या वाढीने तो ११०० च्या वर जायला हवा होता. मेंब्रेनची जवळपास तीस टक्के ताकद गेली आहे आणि उन्हाने ती झाकून ठेवली आहे. दिवाळीनंतर पाणी गार झाले की धार अचानक पडते आणि दोष हिवाळ्याला दिला जातो.

म्हणून रोजच्या वहीत पाण्याचे तापमान हवेच, आणि धार २५ अंशांवर बेतून पाहायला हवी. त्याला संगणक लागत नाही. प्लांटच्या भिंतीवर तापमान आणि गुणक यांचा तक्ता चिकटवला की दहावी झालेला कोणीही मुलगा-मुलगी ते करू शकते. तसेच नुसता गोड्या पाण्याचा टीडीएस लिहून भागत नाही, खाऱ्याचाही लिहावा. आत २००० आणि बाहेर ८० म्हणजे चार टक्के क्षार पार झाले. बाहेर १६० आले तर पाणी अजून गोडच लागेल, मानकातही बसेल. पण क्षार पार होण्याचे प्रमाण दुप्पट झाले, आणि ते सांगते आहे की आत काहीतरी बिघडले.

उन्हाचा आणखी एक धोका. या मेंब्रेनची तापमानाची मर्यादा बहुधा ४५ अंश असते. पत्र्याच्या खोलीत बंद पडलेल्या प्लांटमध्ये आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीत मे महिन्याच्या दुपारी पाणी त्याच्या जवळ जाऊ शकते. टाकीवर छप्पर, पाइपला सावली आणि खोलीला वारा ही मेंब्रेनचीच देखभाल आहे.

धुणे : क्रम, सामू आणि धीर

धुण्याची मुख्य रसायने दोन जातींची. चिकट थर आणि सेंद्रिय घाणीला अल्कली. चुन्याला आणि गंजाला ॲसिड. सर्वसाधारण क्रम अल्कली आधी, ॲसिड नंतर, कारण बुळबुळीत थर ॲसिडने आणखी घट्ट होऊ शकतो. फक्त चुनाच बसला आहे याची खात्री असेल तर ॲसिड आधी चालते. कारण बुळबुळीत थर ॲसिडने आणखी घट्ट होऊ शकतो. अल्कलीच्या धुण्यात कॉस्टिक सोड्याचे ०.१ टक्का द्रावण, सामू १२ च्या आत. ॲसिडच्या धुण्यात सायट्रिक ॲसिडचे दोन टक्के द्रावण किंवा सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड, सामू २ च्या आसपास. द्रावण नेहमी आरओच्याच पाण्यात करायचे. खाऱ्या पाण्यात कॉस्टिक टाकले तर तिथेच चुना तयार होतो. द्रावण ३० अंशांच्या जवळ कोमट असावे, दाब कमी, चार बारच्या आत, म्हणजे घाण कातडीवर दाबली न जाता वाहून निघते.

द्रावण फिरवायला लागले की पहिले गढूळ पाणी टाकून द्यायचे. मग टाकीतल्या सामूवर नजर ठेवायची, कारण आत काय चालले आहे ते तोच सांगतो. ॲसिडचा सामू २ वरून ३, साडेतीन असा चढू लागला, तर ॲसिड चुन्यावर खर्च होते आहे. आणखी घालून सामू पुन्हा खाली आणायचा. सामू स्थिर राहिला की चुना संपला. यानंतर तासभर भिजत ठेवायचे, पुन्हा जोराने फिरवायचे आणि आरओच्या पाण्याने खळबळून धुवायचे. बाहेर येणाऱ्या पाण्याचा सामू आणि टीडीएस पूर्ववत झाल्याशिवाय कॅन भरायला पाणी सोडायचे नाही. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे. अर्ध्या तासात ॲसिड ओतून उरकलेले धुणे म्हणजे पुढच्या बिघाडाची सुरुवात. हातमोजे, डोळ्यांना चष्मा, ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचे, आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर एकमेकांजवळही येऊ द्यायची नाही. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

अल्ट्राफिल्ट्रेशनची तऱ्हा वेगळी. त्याला दर अर्ध्या-पाऊण तासाने उलट पाणी मारून धुतले जाते, आणि त्याचे प्लॅस्टिक बहुधा क्लोरीन सोसणारे असल्याने हायपोक्लोराइटने खोल धुणे चालते. तिथे जपायचे ते मेंब्रेनचा पोकळ धागा तुटण्यापासून. एक धागा तुटला तरी जंतूंना दार उघडे होते, म्हणून हवेच्या दाबाची चाचणी नियमाने घ्यावी लागते.

मेंब्रेन चालू असताना जितके जपावे, तितकेच बंद असतानाही. वीज गेली की घट्ट झालेले खारे पाणी आत तसेच उभे राहते आणि खडे बसायला सवड मिळते. म्हणून बंद करण्याआधी किंवा वीज आल्याबरोबर गोड्या पाण्याने काही मिनिटे फ्लश हवा. त्यासाठी गोड्या पाण्याची छोटी उंच टाकी पुरते, पंपही लागत नाही. पावसाळ्यात नळाला पाणी भरपूर येते आणि प्लांट दोन-दोन महिने बंद राहतो. तेव्हा मेंब्रेनमध्ये एक टक्का सोडियम मेटाबायसल्फाइटचे द्रावण भरून ठेवावे आणि प्लांट पुन्हा सुरू करताना ते पूर्ण धुऊन काढावे. मेंब्रेन कोरडे मात्र कधीच पडू देऊ नये.

रिजेक्ट जाते कुठे

मेंब्रेन नीट राहावे म्हणून रिकव्हरी कमी ठेवली की रिजेक्ट वाढते, आणि हे पाणी बोअरपेक्षाही खारे असते. बहुतेक ठिकाणी ते नालीत जाते. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती चिकण, निचरा कमी, सोडियमने आधीच बेजार. तिथे दुप्पट खारे पाणी मुरवणे म्हणजे आपलीच जमीन आणि आपलीच विहीर बिघडवणे. शेताला ते देऊ नये आणि पुनर्भरणाच्या खड्ड्यात तर सोडूच नये. सार्वजनिक शौचालय आणि फरशी धुणे यांसाठी त्यातले काही वापरता येते. उरलेल्यासाठी तळाला प्लॅस्टिक अंथरलेले उथळ बाष्पीभवन तळे हा वऱ्हाडाच्या उन्हाला साजेसा उपाय आहे. त्याची जागा आणि खर्च प्लांटच्या अंदाजपत्रकातच धरला पाहिजे.

गोड्या पाण्याबद्दलही दोन शब्द. आरओचे पाणी क्लोरीनरहित असते. कॅन अस्वच्छ असली, नळीला हात लागला की तेच पाणी पुन्हा दूषित होते. म्हणून साठवण टाकीत क्लोरीनची मात्रा हवी, जी पिण्याच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावी असे मानक सांगते. आणि टीडीएस वीस-तीसपर्यंत उतरवण्यात शहाणपण नाही. मूळ पाण्यात फ्लोराईड-नायट्रेट मर्यादेत असेल तर थोडे गाळलेले, निर्जंतुक मूळ पाणी मिसळून चव आणि खनिजे राखता येतात. त्याने मेंब्रेनवरचा भारही तितकाच कमी होतो.

करार कशाचा करायचा

आता मूळ प्रश्नाकडे. हे सगळे तंत्र अवघड नाही, महागही नाही. तरी प्लांट बंद पडतात, कारण आपण यंत्र विकत घेतो, पाणी घेत नाही. निविदा ताशी किती लिटरचा प्लांट एवढेच विचारते. बसवणारा मोकळा होतो, वहीत आकडे नसतात, त्यामुळे मेंब्रेन कोणाच्या चुकीने गेले ते सिद्ध होत नाही. नीट सांभाळलेले मेंब्रेन तीन ते पाच वर्षे सहज जाते, अनेकदा त्याहून जास्त. ते वर्षभरात बदलावे लागत असेल तर बहुतेक वेळा दोष पाण्यापेक्षा व्यवस्थेचा असतो.

दुरुस्तीही व्यवस्थेचीच हवी. करार पाच वर्षांच्या पाण्याचा करावा आणि पैसे टीडीएस, धार व चालू दिवस यांच्या नोंदींवर द्यावेत. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने महिन्यातून एकदा वही वाचावी. कॅनमागे येणाऱ्या पैशातला ठरावीक वाटा मेंब्रेन आणि कार्ट्रिजसाठी वेगळ्या खात्यात टाकावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांनी खारपाण पट्ट्यातल्या आरओ गावांसाठी सिलिकासह पूर्ण तपासणी द्यावी. आणि निकामी झालेले मेंब्रेन भंगारात टाकण्याआधी ते अमरावतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात उघडून तपासले गेले, तर कोणत्या तालुक्यात मेंब्रेन कशाने मरते याचा नकाशा काही वर्षांत तयार होईल. तो नकाशा आज कोणत्याही विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा मोलाचा ठरेल.

खारपाण पट्ट्याचे कायमचे उत्तर सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणांचे पाणी नियमित आणि पुरेसे मिळणे हेच आहे, आणि तो आग्रह सोडू नये. ते पाणी दारात येईपर्यंत, आणि आल्यावरही टंचाईच्या महिन्यांत, गावातला आरओ चालू राहिला पाहिजे. म्हणून ग्रामपंचायत सदस्यांना आणि प्लांटसमोर कॅन घेऊन उभ्या असलेल्या प्रत्येकाला विनंती : उद्या पाणी भरायला जाल तेव्हा वही मागा. खाऱ्या आणि गोड्या पाण्याचा टीडीएस, गोड्या पाण्याची आणि रिजेक्टची धार, आतला-बाहेरचा दाब, पाण्याचे तापमान आणि अँटिस्केलंटची पातळी आज लिहिली आहे का, ते बघा. लिहिली नसेल तर ती आजपासून लिहायला लावा.